माव्यापोटी गांधीलमाशी

नाशिक रोडच्या कुठल्याही मारुतीच्या देवळाबाहेर शनिवारी सकाळी रुईच्या माळा टांगलेल्या दिसतात. त्यांची पानं आणायला फार लांब जावं लागत नाही. रेल्वेरुळांकडेचा भराव, सिन्नर फाट्याकडची पडीक जागा, कारखान्यांच्या कुंपणाचा कडेकोपरा, जिथं कोणी काही लावत नाही तिथं रुई आपसूक उभी असते. माळेसाठी पानं निवडताना शेंड्याकडची काही बाजूला पडतात. त्यांच्या मागच्या अंगाला पिवळेधमक दाणे दाटीनं चिकटलेले असतात आणि बोट लागलं की चिकट होतं. हा रुईचा मावा, शास्त्रीय नाव एफिस नेरी. देवाला चालत नाही म्हणून टाकलेलं असं एखादं पान हिवाळ्याच्या दिवसांत उचलावं, उलटं करावं आणि साध्या भिंगाखाली धरावं.

पिवळ्या गर्दीत काही दाणे वेगळे असतात. फुगलेले, गोल, फिकट तपकिरी, कागदासारखे कोरडे. पाय आहेत, मिशा आहेत, पण हालचाल नाही. दाभणानं टोचलं तरी जागचे सरकत नाहीत, कारण ते पानाला चिकटवलेले आहेत. एखाद्याच्या पाठीवर, शेपटीकडच्या बाजूला, स्वच्छ गोल भोक असतं आणि भोकाच्या कडेला कापलेलं झाकण अजून लोंबत असतं. त्या भोकातून जे बाहेर पडलं ते माव्याचं पिल्लू नव्हतं. ती होती दोन-तीन मिलिमीटर लांबीची एक गांधीलमाशी. तिचा सगळा बालपणीचा काळ माव्याच्या पोटात गेला होता आणि बाहेर पडताना माव्याची फक्त कातडी शिल्लक होती.

आधी थोडं माव्याविषयी. तो एवढा वाढणारा नसता तर त्याच्या मागे इतकी तरबेज मंडळी लागलीच नसती. 1740 साली जिनिव्हातल्या शार्ल बॉने नावाच्या वीस वर्षांच्या तरुणानं माव्याचं एक नुकतं जन्मलेलं पिल्लू फांदीवर एकटं ठेवलं, त्यावर काचेचं भांडं झाकलं आणि दिवसचे दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा केला. नर जवळ फिरकण्याची सोयच ठेवली नव्हती. तरीही त्या एकटीनं जून महिन्यात 95 पिल्लं घातली. अंडी नव्हेत, चालतीफिरती पिल्लं.

आपल्या हवेत माव्याच्या बहुतेक जाती वर्षभर हेच करतात. आई सोंड पानात रोवून रस ओढत असते आणि मागून मुली जन्माला येत असतात, सगळ्या आईच्या हुबेहूब. चलनी नोटा छापणाऱ्या नाशिक रोडला हुबेहूब प्रतींचं अप्रूप नसणार, पण इथल्या मुद्रणालयाला न साधणारी एक गोष्ट माव्याला साधते: प्रत छापून व्हायच्या आत तिच्या पोटात पुढच्या प्रतीची छपाई सुरू झालेली असते. जन्माला न आलेल्या मुलीच्या अंगात तिच्या मुलींचे गर्भ आधीच वाढत असतात. आजी, आई आणि नात एकाच कातडीत. जन्मल्यापासून आठ-दहा दिवसांत ती मुलगी स्वतः पिल्लं घालू लागते. चार दिवस ढगाळ हवा राहिली, पिकाला कोवळी पालवी असली, की परवापर्यंत स्वच्छ असलेला शेंडा आज माव्यानं भरलेला का दिसतो, त्याचं गणित हे आहे.

झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचा कच्चा माल थोडा. म्हणून मावा गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस पितो आणि नको असलेली साखर मागून थेंबाथेंबानं सोडतो. शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात तो हाच. चिकट्यावर काळी बुरशी धरते, पानं काजळतात आणि चिकट्याच्या ओढीनं मुंग्या येतात. रसात जे मिळत नाही ते माव्याला त्याच्याच शरीरातले जिवाणू बनवून देतात. बुकनेरा नावाचे हे जिवाणू माव्याच्या खास पेशींमध्ये कोट्यवधी वर्षं राहत आले आहेत आणि आईकडून मुलीकडे जातात. त्यांच्याशिवाय माव्याची वाढच होत नाही. हे लक्षात ठेवायचं, कारण गांधीलमाशीची अळी नेमकी याच व्यवस्थेवर हात मारते.

गांधीलमाशी म्हटलं की आपण दोन पावलं मागे सरकतो. या जातींपासून सरकायचं कारण नाही. अंगानं काळपट, पायांनी पिवळसर, कंबर बारीक, मिशा लांब. डासापेक्षाही लहानखुरी ही माशी माणसाला डसत नाही. तिच्या शेपटीच्या टोकाला जी सुई आहे ती अंडं घालण्यासाठी आहे. ब्रॅकोनिडी कुळातला एफिडीनी हा अख्खा गट, त्यातल्या शेकडो जाती, मावा सोडून दुसऱ्या कशातच अंडी घालत नाहीत. आपल्याकडे कोबी-फ्लॉवरच्या माव्यावर डायरेटिएला रापी ही जगभर पसरलेली जात असते. रुई, चवळी, कपाशी यांच्यावरच्या माव्यात बिनोडॉक्सिस इंडिकस येते. तिच्या पोटाच्या टोकाला दोन वाकडे काटे असतात आणि अंडं घालताना त्यांच्या कात्रीत ती मावा धरून ठेवते.

एवढ्याशा जिवाला एवढ्या मोठ्या शिवारात मावा सापडतो कसा? याचं उत्तर मला तरी माव्यापेक्षा जास्त चकित करतं. मावा वासाचा फारसा माग ठेवत नाही, पण झाड ठेवतं. मावा सोंड खुपसून रस ओढू लागला की झाडाच्या पानांतून निघणाऱ्या वासाचं मिश्रण बदलतं, आणि ते सगळ्या झाडभर बदलतं. इंग्लंडमध्ये घेवड्याच्या जातीच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की मावा काढून टाकलेल्या रोपाकडेसुद्धा एफिडियस एर्व्ही या जातीच्या माद्या उडत येतात. मावा न लागलेल्या रोपाकडे त्यांचा ओढा तेवढा नसतो. कोबीवर येणाऱ्या डायरेटिएलाचं तर आणखी सोपं आहे. मोहरी, कोबी, मुळा यांना जो झणझणीत वास असतो, ज्या वासानं बाकीचे किडे दूर राहावेत अशी झाडाची अपेक्षा, त्याच वासावर ती येते. जवळ आल्यावर पुढची खूण चिकट्याची. पानावर चिकटा लागला की मादीचं उडणं थांबतं, ती चालू लागते, वळणं घेत, मिशांनी पान चाचपत. भूक लागली तर तोच चिकटा पिते. मावा स्वतःच्या मारेकऱ्याला वाटही दाखवतो आणि वर जेवूही घालतो.

मावा सापडला की मादी त्याच्यासमोर उभी राहते, पाय ताठ करते आणि आपलं पोट स्वतःच्याच पायांमधून पुढे वळवते. सुईचा एक झटका. सेकंदाच्या आत काम होतं आणि ती पुढच्या माव्याकडे वळते. काही मावा लाथा झाडतात, काही पानावरून सरळ खाली उडी टाकतात. काहींच्या पाठीवरच्या दोन नळ्यांतून एक थेंब बाहेर येतो. त्या थेंबाचा वास शेजाऱ्यांना पोचला की तेही सोंड उपसून पळू लागतात. तरी एक मादी आपल्या थोड्या दिवसांच्या आयुष्यात दोन-तीनशे अंडी सहज घालू शकते. मुलगा हवा की मुलगी हेही तिच्या हातात: साठवलेलं शुक्रबीज अंड्याला लागू दिलं तर मुलगी, न दिलं तर मुलगा.

आता आतली गोष्ट.

अंडं अगदी बारीक असतं, जवळजवळ बलकाविना. आई मुलासाठी शिदोरी बांधूनच देत नाही, कारण शिदोरीतच ती त्याला सोडून आलेली असते. माव्याच्या रक्तातून पोषण ओढत अंडं कित्येक पट फुगतं. अंडं घालताना आईनं सोबत विष टोचलेलं असतं, पण ते मारण्यासाठी नाही. एफिडियस एर्व्हीच्या विषातल्या एका प्रथिनानं माव्याच्या अंडाशयातले वाढते गर्भ विरघळू लागतात. मावा जिवंत राहतो, खातो, पितो, चिकटा टाकतो, पण पोरं जन्माला घालण्यावर जी ताकद खर्च व्हायची ती आता मोकळी होते.

अळी अंड्यातून बाहेर येते तेव्हा अंड्याचं आतलं आवरण फुटून त्याच्या सुट्या पेशी माव्याच्या रक्तात पसरतात. या पेशी पुढे विभागत नाहीत, नुसत्या वाढत जातात, अवाढव्य होतात आणि माव्याच्या ऊती पचवून त्याचा रस अळीपुढे आणून ठेवतात. अळीचा अर्धा स्वयंपाक तिच्याच जन्माच्या कवचानं केलेला. दरम्यान बुकनेरा जिवाणूंचा कारखाना चालूच असतो; त्यांनी बनवलेलं पोषण माव्याच्या गर्भांकडे जायचं ते आता पाहुण्याकडे जातं. चुकून दोन माद्यांनी एकाच माव्यात अंडी घातली असतील तर पहिल्या अवस्थेतल्या अळ्या आतल्या आत भिडतात. त्यासाठी त्यांना धारदार जबडे असतात, जे पुढच्या अवस्थेत राहत नाहीत. जागा एकाचीच.

या सगळ्या काळात बाहेरून काहीही दिसत नाही. अळी महत्त्वाच्या अवयवांना शेवटपर्यंत हात लावत नाही. मावा मेला तर तिचं अन्न सडेल आणि मावा रस ओढणं थांबवेल. म्हणजे पानावर ज्याला आपण जिवंत, तुकतुकीत मावा म्हणून मोजतो त्यातले कित्येक आतून दुसऱ्याचे झालेले असतात. सुरुवातीला पाहिलेले ते तपकिरी, कोरडे दाणे, ज्यांना ममी म्हणतात, दिसायला लागतात त्याच्या आठवडाभर आधीच निकाल लागलेला असतो. मला या किड्यातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. खाण्याचा क्रम. आधी जे नसलं तरी चालेल ते, आणि ज्याच्यावाचून माव्याचं चालणार नाही ते अगदी अखेरीला.

अखेरीला अळी ते खाते. मग माव्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला चीर पाडते आणि लाळेतल्या रेशमानं ती रिकामी कातडी पानाला चिकटवते. कातडीच्या आत कोष विणते. कातडी ताणली जाते, वाळते, तपकिरी होते. प्राओन नावाच्या वंशातल्या अळ्या यात वेगळेपणा करतात: त्या माव्याच्या खाली उतरून तिथं आपला कोष बांधतात आणि रिकामा मावा त्यावर छपरासारखा बसवलेला राहतो. कॅनडात बटाट्याच्या माव्यावर केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. आतली अळी हिवाळाभर झोपून राहणार असेल तर मावा मरायच्या आधी झाड सोडून आडोशाला जातो. अळी लगेच बाहेर पडणार असेल तर तो पानांवरच राहतो. माव्याचे पाय कुठे न्यायचे हेही आत बसलेली ठरवते.

अंडं घातल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी झाकण कापलं जातं.

आपल्याकडच्या लोकांनी यासारखंच काहीतरी फार पूर्वी पाहिलं होतं. भिंतीवर मातीचं घर बांधणारी कुंभारीण जिवंत अळी पकडून आत कोंडते, तोंड लिंपून टाकते आणि काही दिवसांनी त्याच घरातून नवी कुंभारीण बाहेर पडते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये शेवटची हीच आहे. कोंडलेला किडा भीतीनं अहोरात्र तिचंच ध्यान करतो आणि अखेर तिचंच रूप घेतो, म्हणून ज्याचं ध्यान कराल ते व्हाल, असा तो बोध. नाशिकहून वाहत गेलेली गोदावरी ज्या पैठणला पोचते, तिथल्या एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर ओवीबद्ध टीका लिहिली आणि ती 1573 मध्ये काशीत पूर्ण केली. भक्तीच्या शिकवणीला दृष्टान्त म्हणून ही कल्पना कशी शोभते ते मी सांगायला नको. पण निरीक्षण म्हणून पाहिलं तरी यातलं दिसणं चोख आहे: किडा आत गेला, कुंभारीण बाहेर आली. मधलं अंडं तेवढं नजरेतून सुटलं. नुसत्या डोळ्यांना ते दिसणंही अवघड होतं. युरोपातही कोबीच्या अळीतून बाहेर आलेल्या पिवळ्या कोषांना विद्वान मंडळी बरीच वर्षं त्या अळीचीच अंडी समजत होती. 1700 च्या सुमारास हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरात लेव्हेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगातून माव्याच्या ममीतून माशी निघताना पाहिली, आणि ही माशी बाहेरून आत आली असली पाहिजे असा बरोबर अर्थ लावला. कापडाचा व्यापार करणारा माणूस, शिक्षण बेताचं, आणि त्याला ते कळलं.

मावा मात्र हे सगळं गुमान सोसत नाही. 2003 साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की वाटाण्याच्या माव्यातल्या काहींमध्ये बुकनेराखेरीज आणखी एक जिवाणू राहतो, हॅमिल्टोनेला डिफेन्सा. तो असला की गांधीलमाशीच्या पुष्कळ अळ्या आतच मरतात आणि मावा वाचतो. सहा वर्षांनी गोष्ट आणखी एक पायरी खाली गेली. रक्षण करणारं विष जिवाणूचं नव्हतंच, त्या जिवाणूमध्ये राहणाऱ्या एका विषाणूचं होतं. विषाणू गेला की जिवाणू असूनही मावा उघडा पडतो. रुईच्या एका पानाकडे पाहून झाड, झाडावर मावा, माव्यात अळी, असा उतरता क्रम आपण लावतो. वाटाण्यावर तर माव्यात जिवाणू, जिवाणूत विषाणू आणि तो विषाणू अळीच्या विरोधात.

बाहेरून राखण करतात त्या मुंग्या. चिकट्याच्या बदल्यात त्या ढालकिड्यांना, माश्यांना हुसकावून लावतात. पण लिसिफ्लेबस वंशातल्या एका युरोपीय जातीनं यावर तोड काढली आहे. तिच्या अंगावरचा मेणाचा थर माव्याच्या अंगावरच्या थराशी इतका जुळतो की मुंग्या मिशांनी तिला तपासतात आणि जाऊ देतात.  मुंग्यांच्या पहाऱ्यात तिच्या ममी सुरक्षित राहतात, कारण ममींनाही शत्रू आहेत.

हे शत्रू म्हणजे आणखी गांधीलमाश्या. अ‍ॅलॉक्झिस्टा नावाची मादी जिवंत माव्याच्या पोटातली पहिली अळी हुडकून त्या अळीत अंडं घालते. डेंड्रोसेरस आणि असाफेस ममी तयार होईपर्यंत थांबतात, मग कवच टोचून आतल्या कोषावर अंडं ठेवतात. ममीतून कोण बाहेर पडलं हे भोक पाहून बऱ्याचदा सांगता येतं. माव्याची खरी शिकारीण गोल, गुळगुळीत कडेचं झाकण कापते. दुसऱ्या फळीतल्या चोरानं पाडलेल्या भोकाची कड खरखरीत, कुरतडलेली असते. हंगाम सरत जातो तशी कुरतडलेली भोकं वाढतात. बागेतल्या गुलाबाच्या कळीखाली वीस ममी दिसल्या म्हणून हुरळून जाण्याआधी भोकांच्या कडा पाहाव्यात. नाशिकला मोगल काळात गुलशनाबाद म्हणत. गुलाबावरचा मावा इथं पुरातन रहिवासी असणार, आणि त्याच्या मागोमाग आलेली ही सगळी बिऱ्हाडंही.

नाशिक रोडजवळच्या चेहेडी, पळसे, शिंदे इकडच्या भाजीच्या वावरांत या ममींचा प्रत्यक्ष उपयोग असतो, आणि तो बहुतेक वेळा वाया जातो. मावा दिसला की औषध मारायचं ही सवय झाली आहे. फवारा मावा मारतो, पण त्याहून लवकर पातळ कातडीची, पानावर चालत फिरणारी गांधीलमाशी मारतो. ममीच्या आत असलेली वाचते खरी, पण झाकण कापून बाहेर येते ती फवारलेल्या पानावर. दोन-चार मावा कुठल्या तरी पानाआड उरलेले असतात, त्यांना आता कोणी विचारणारं नाही, आणि आठ-दहा दिवसांचं गणित पुन्हा सुरू होतं. म्हणून फवारायच्या आधी शेंड्याकडची पानं उलटी करून ममी मोजाव्यात असं कीटकशास्त्रज्ञ सांगतात. ममी चांगल्या प्रमाणात असतील तर थांबणं परवडतं. बांधावरची रुई उपटावी की ठेवावी हा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. रुईचा मावा कोबीवर किंवा चवळीवर जात नाही, त्याला रुईसारखी विषारी चिकाची झाडंच लागतात. पण त्याच्यात वाढलेली बिनोडॉक्सिस चवळीच्या माव्यात अंडी घालू शकते. वावर रिकामं असतं तेव्हा तिला कुठंतरी दिवस काढायचे असतात.

माव्यावरच्या गांधीलमाशीची महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी कसोटी मात्र भाजीत लागली नाही, उसात लागली.

जुलै 2002 मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसू लागली. हा लोकरी मावा, सेराटोवॅकुना लॅनिजेरा. पश्चिम बंगालमध्ये 1958 मध्ये त्याची नोंद झाली होती आणि ईशान्येकडच्या राज्यांत तो जुना होता, पण दख्खनच्या उसानं तो कधी पाहिला नव्हता. एका-दोन हंगामांत तो कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, नगर, नाशिक असा पसरला आणि कर्नाटकात उतरला. पानांच्या वरच्या बाजूला चिकटा, त्यावर काजळी. हिरवेगार फड काळे पडले. पुरुषभर वाढलेल्या, पानांत पानं गुंतलेल्या उसात शिरून फवारणार कसं आणि कोण? शिवाय लोकर मेणाची, तिच्यावरून औषध ओघळून जातं. उसाचं वाढं जनावरांना घालायला गावोगाव फिरत होतं, त्यावरून मावाही फिरत होता. आणि हा मावा अगदी निःशस्त्रही नाही. त्याच्या पहिल्या अवस्थेतल्या पिल्लांच्या डोक्यावर बारीक शिंगं असतात आणि धोक्याचा वास सुटला की ती पळण्याऐवजी शत्रूवर चालून जातात.

खरं सांगायचं तर पहिली लाट गांधीलमाशीनं परतवली नाही. ती परतवली एका पतंगाच्या अळीनं आणि एका तपकिरी जाळीपंखी किड्यानं. पतंगाच्या अळ्या पानं खाणार हे आपण धरूनच चालतो. डिफा एफिडिव्होराची अळी मांसाहारी आहे, माव्याच्या घोळक्यात जाळं विणून आत बसते आणि मावा फस्त करत सुटते. मायक्रोमस इगोरोटसच्या अळ्याही तशाच. मावा पसरला तसे हे दोघं त्याच्यामागून शेतांत दिसू लागले. मग फवारणी थांबवून, ते असलेल्या फडातली पानं कापून नसलेल्या फडात नेऊन बांधणं हा उपाय झाला. बंगळुरूचं जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठं, साखर कारखाने सगळे त्यात उतरले. उसाच्या शेतकऱ्याला ही कल्पना अगदीच नवी नव्हती. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड पानाला टाचण्याची सवय त्याला होती, आणि त्या कार्डावरच्या अंड्यांत वाढणारी ट्रायकोग्रामा हीसुद्धा एक सूक्ष्म गांधीलमाशीच.

लोकरी माव्याची स्वतःची गांधीलमाशी आसामात होती, एनकार्शिया फ्लॅव्होस्क्युटेलम. एक मिलिमीटरसुद्धा नाही. भाताच्या लोंबीवर बसली तर दिसायची नाही. जावा बेटावरच्या उसावर काम करणाऱ्या लिओ झेंटनर या स्विस कीटकशास्त्रज्ञानं 1897 मध्ये या माव्याला नाव दिलं होतं आणि 1900 मध्ये या माशीलाही. म्हणजे चोर आणि शिपाई यांची ओळख एकाच माणसानं शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. दख्खनमध्ये चोर आला तो शिपायाला मागे टाकून. मग ती आसामातून आणली गेली, वाढवली गेली आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूतल्या फडांत सोडली गेली. डिफाचा जोर मावा उदंड असतो तेव्हा. मावा विरळ झाला की एवढ्या खादाड अळीचं पोट भरत नाही. एनकार्शियाच्या एका अळीला एक मावा पुरतो. विरळ, लपलेल्या, एखाद्याच पानावर उरलेल्या माव्यापर्यंत जाणं तिला परवडतं.

माशी एकटीनं बाजी मारल्याची उदाहरणंही आहेत. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये तमिळनाडूत आला आणि 2010 पर्यंत पुण्याकडच्या बागांत पोचला. त्याचं मूळ मेक्सिकोकडचं. जुलै 2010 मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी गांधीलमाश्या बंगळुरूला आणल्या, त्यातल्या असेरोफॅगस पपायी या जातीनं काही महिन्यांतच पपई मोकळी केली. तिथं शत्रू एकच होता आणि माशी नेमकी त्याचीच होती. उसात तिघांना मिळून काम करावं लागलं आणि श्रेय कोणाचं किती हे अजून नेमकं वाटता येत नाही, आणि ते वाटत बसण्यात मला फारसा अर्थही दिसत नाही.

त्यानंतरच्या वर्षांत जैविक कीड नियंत्रणाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातले पुण्याचे कीटकशास्त्रज्ञ उसाचे फड पाहत राहिले. पावसाळा सरता सरता लोकरी मावा कुठंकुठं दिसायचा, अजूनही दिसतो. मोठा, फड काळे करणारा उद्रेक मात्र तसा पुन्हा झाला नाही. मावा असलेल्या पानांवर डिफा असते, मायक्रोमस असतो आणि लोकर बाजूला सारून भिंग लावलं तर एनकार्शियाही असते. मावा पुरता नाहीसा झाला असता तर त्याच हंगामात तीही नाहीशी झाली असती, आणि पुढच्या वर्षी वाढ्याच्या एखाद्या भाऱ्यातून मावा परत आला असता तर तिला पुन्हा आसामातून आणावं लागलं असतं.